शतक संपायच्या आत शतक!

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाट भागात कारला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. काटा त्याच्या वर सरकला की कॅमेरा क्लिक आणि मोबाइलवर ई-चलान हजर! आता सांगा, माहीत आहे का, की १८९९ सालची एक गाडी आज या रस्त्यावर तिच्या जुन्या जोमात पळवली, तर तिच्याही नावाने पावती फाटेल? तिचा वेग होता ताशी १०५.८८ किलोमीटर! आणि मोटारगाडी नावाची वस्तू जगात येऊन तेव्हा जेमतेम १३ वर्षं झाली होती.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. ती गाडी पेट्रोलवर चालत नव्हती. वाफेवरही नव्हती. ती होती चक्क ईव्ही! बॅटरीवाली, इलेक्ट्रिक, शंभर टक्के धूरमुक्त. जमिनीवर धावणाऱ्या मोटारीचं पहिलं 'शतक' ठोकलं ते विजेने. एकोणिसावं शतक संपायच्या आत!

आणि स्टिअरिंगवर? लालभडक दाढीचा एक बेल्जियन माणूस. कामिय जेनात्झी. रेसिंगच्या दुनियेत टोपणनाव 'लाल सैतान'. दाढीचा रंग आणि गाडी हाकण्याची पद्धत, दोन्ही त्या नावाला शोभणारे!

टायर घरचंच!

जेनात्झीचा जन्म १८६८ चा, ब्रसेल्सला खेटून असलेल्या स्खारबेकचा. माहीत आहे का, वडिलांचा धंदा कशाचा होता? रबराच्या मालाचा! म्हणजे ज्या पोराच्या नशिबात टायर झिजवणं लिहिलं होतं, तो रबराच्याच घरात वाढला. शिक्षण इंजिनिअरिंगचं, वेड विजेचं.

हा पठ्ठ्या पुढे पॅरिसला गेला आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवू लागला. तेव्हा मोठ्या शहरांत इलेक्ट्रिक टॅक्सी हे स्वप्न नव्हतं, जोरात चाललेला बिझनेस होता. लंडनच्या रस्त्यांवर १८९७ मध्येच बॅटरीच्या टॅक्सी फिरत होत्या. पॅरिसमध्ये जेनात्झीचा तगडा स्पर्धक होता शार्ल झांतो हा गाड्या बनवणारा. आता दोन कंपन्या, एकच गिऱ्हाईक. जाहिरात कशी करायची? टीव्ही नाही, रील नाही, होर्डिंगचा जमाना नाही. मग उपाय एकच: भर रस्त्यात सगळ्यांसमोर सुसाट पळवून दाखवायची!

पहिली चुणूक दिसली २७ नोव्हेंबर १८९८ ला. पॅरिसजवळ शांतलू इथे घाटचढाईची शर्यत झाली. चढ सुमारे १.८ किलोमीटरचा. पहिला आला जेनात्झी, बॅटरीच्या गाडीतून!

कसं काय? विजेची मोटर जागेवरून सुटतानाच पूर्ण जोर लावते. तेव्हाच्या पेट्रोल इंजिनाला मात्र आधी फिरकी पकडायची, मग गिअर सांभाळायचा, मग कुठे चढ! आज सिग्नल सुटल्यावर ईव्ही स्कूटर सगळ्यांच्या पुढे सटकते ना? त्यामागचं गुपित अगदी हेच.

काउंटचं काउंटडाऊन

आता एंट्री घेतो दुसरा हीरो. काउंट गास्तों द शास्लू-लोबा. नाव म्हणताना दम लागतो, पण माणूस वेगाचा पक्का. खानदानी फ्रेंच सरदार आणि गाडी कुणाची? बरोब्बर, झांतोची. तीही इलेक्ट्रिक!

१८ डिसेंबर १८९८. पॅरिसजवळच्या आशेर गावाचा सरळ, सपाट रस्ता. एका फ्रेंच मोटार-मासिकाने वेगाची परीक्षा ठेवली होती. काउंटने एक किलोमीटर कापला ५७ सेकंदांत. ताशी ६३.१५ किलोमीटर. जमिनीवरच्या वेगाचा मोटारीचा पहिला अधिकृत विक्रम म्हणून आजही याचीच नोंद पुढे केली जाते.

जेनात्झीच्या कानावर बातमी गेली आणि दाढीइतकाच तो लाल झाला. थेट आव्हान! द्वंद्वाची जुनी सरदारी रीत, फक्त तलवारीऐवजी बॅटरी. तेच आशेर, तोच रस्ता, तारीख १७ जानेवारी १८९९.

जेनात्झी सुटला. ५४ सेकंद! ताशी ६६.६६. नवा विक्रम! टाळ्या!

माहीत आहे का, हा विक्रम किती टिकला? त्याच दिवशी मोडला! काउंट पाठोपाठ सुटला आणि वेग गाठला ताशी ७०.३१. या धावेत त्याची मोटर जळून गेली, पण किलोमीटर काही त्याने सोडला नाही. मला विचाराल तर या सगळ्या किश्शातला हा सगळ्यात झकास क्षण आहे. धूर निघतोय, गाडी मरतेय आणि विक्रम जन्माला येतोय!

दहाच दिवसांनी, २७ जानेवारीला जेनात्झी परत आला. ताशी ८०.३५. काउंट म्हणाला, बरं. गाडीला पुढून-मागून टोकदार आकार दिला आणि ४ मार्चला ३९ सेकंदांच्या आत किलोमीटर संपवला. ताशी ९२ च्या पुढे!

म्हणजे बघा हं, अडीच महिन्यांत विक्रम पाच वेळा लिहिला गेला. दोनच माणसं, एकच रस्ता आणि पाचही वेळा वीज. पेट्रोलवाले कडेला उभे राहून बघत होते!

कधीच खूश नसलेली

आता शंभरीची पाळी. जेनात्झीला कळून चुकलं होतं की नेहमीच्या बग्गीछाप गाडीला कितीही करंट पाजला, तरी हे काम होणार नाही. खास गाडी हवी. मग जी तयार झाली, तिच्यासारखी गाडी त्याआधी रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती. आकार थेट टॉर्पेडोचा! दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगीर. अंगावर पार्टिनियम नावाच्या, अॅल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचा पत्रा. रंग राखाडी-निळा.

नाव ठेवलं 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीच समाधान न होणारी. मालकाचा स्वभाव बघता नाव फिट्ट!

आता पोटातलं ऐका. मागच्या चाकांना थेट जोडलेल्या दोन मोटर, प्रत्येकी २५ किलोवॅटच्या. मधे ना साखळी, ना गिअर. दोन्ही मिळून ताकद सुमारे ६८ हॉर्सपॉवर. पोटभर फुल्मेन कंपनीच्या बॅटऱ्या. त्यांच्यामुळे वजन दीड टनाच्या घरात! टायर मिशलँचे, हवा भरलेले. आज तुमच्या कॉलनीत उभ्या असलेल्या लहान पेट्रोल हॅचबॅकची ताकद साधारण इतकीच असते. फरक एवढाच की तिला डोक्यावर छप्पर आहे.

छप्परावरून आठवलं. माहीत आहे का, वारा कापायला बनवलेल्या या गाडीत ड्रायव्हर कुठे बसायचा? वर! कमरेपासून डोक्यापर्यंत पूर्ण उघडा, घोड्यावर बसल्यासारखा. खाली चाकं आणि आस हेही सगळं बाहेर. म्हणजे टॉर्पेडोने वाचवलेला वारा जेनात्झीच्या छातीवर आदळायचा. वाऱ्याच्या अभ्यासाचं शास्त्र मोटारीसाठी तेव्हा नुकतं रांगत होतं, बोगद्यात गाडी ठेवून वारा सोडण्याची सोय कुणाकडे नव्हती. तरीही 'आकार बदला, वेग वाढेल' हे या माणसांनी रस्त्यावर, स्वतःच्या जिवावर शोधून काढलं. मला तर याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं!

पहिल्या खेपेला म्हणे घोटाळा झाला. वेळ मोजणारे तयार होण्याआधीच जेनात्झी सुटला आणि परत फिरेपर्यंत बॅटरी डाऊन! चार्जिंग स्टेशनचा पत्ता नाही, तर पुन्हा धावणार कशाच्या जोरावर?

पण १८९९ चा एप्रिल सरता सरता ते घडलं. आशेरच्या रस्त्यावर पळत्या सुरुवातीने, म्हणजे आधीच वेग पकडून, किलोमीटर संपला आणि घड्याळ थांबलं ३४ सेकंदांवर. ताशी १०५.८८ किलोमीटर!

हिशेब लावा. डिसेंबरमध्ये ५७ सेकंद, एप्रिलमध्ये ३४. साडेचार महिन्यांच्या आत एकाच किलोमीटरमधून २३ सेकंद गायब. जेनात्झीने नंतर जे वर्णन केलं, ते वाचून अंगावर काटा येतो. गाडी जमीन सोडून गोळ्यासारखी टप्पे घेत चालल्याचा भास, हवेच्या दाबाने ताठरलेली मान आणि दोनशे मीटरवर रोखलेली नजर, कारण समोर काही आलं तर ते आधी दिसायला हवं.

विक्रमानंतरचा या गाडीचा फोटो पाहा, ती फुलांनी मढलेली आहे. आपण दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो, अगदी तोच थाट!

आणि इकडे आपल्याकडे? माहीत आहे का, त्या साली मुंबईची ट्राम घोडे ओढत होते! मुंबईत विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला. तोवर 'लाल सैताना'ने विजेवर शंभरी ओलांडून आठ वर्षं झाली होती.

ईस्टर एग आणि लास्ट बेंचवाले पेट्रोल

हा विक्रम जवळजवळ तीन वर्षं कुणालाही हलला नाही. मोडला तो १३ एप्रिल १९०२ ला, फ्रान्समधल्या नीसच्या समुद्रकिनारी. मोडणारा लेओं सेर्पोले, वेग ताशी १२०.८० किलोमीटर. गाडीचं नाव? 'ईस्टरचं अंडं'! आकारही अंड्याचाच. आणि इंधन? वाफ!

आता क्विझमध्ये हमखास चुकणारा प्रश्न. वेगाच्या विक्रमात पेट्रोलचा नंबर कितवा? तिसरा! आधी वीज, मग वाफ आणि शेवटी ऑगस्ट १९०२ मध्ये पेट्रोल. अमेरिकेतल्या गर्भश्रीमंत घराण्यातला विल्यम व्हँडरबिल्ट 'मोर्स' गाडीतून ताशी १२२.४४ ने धावला आणि पेट्रोलचं खातं उघडलं.

त्याच वर्षी बेल्जियममधल्या आर्देनच्या शर्यतीत जेनात्झी स्वतःच्या नावाच्या गाडीतून असा काही आपटला की गाडीचा चुराडा झाला. बघणाऱ्यांनी आशा सोडली असेल, पण साहेब जिवंत बाहेर! आणि पुढच्या वर्षी विजेचा हा हीरो दिसला पेट्रोलच्या गाडीत. गाडी: मर्सिडीज.

(जाता जाता: मर्सिडीज हे एका मुलीचं नाव. एमिल येलिनेक या गाड्यांच्या व्यापाऱ्याची ही लेक. जेनात्झीने तिच्या नावाची गाडी घेऊन सगळ्यात मोठी शर्यत मारली, तेव्हा ती फक्त १३ वर्षांची होती!)

उसनी गाडी, अव्वल नंबर

ती शर्यत म्हणजे गॉर्डन बेनेट कप. कप देणारा जेम्स गॉर्डन बेनेट हा 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा मालक. आफ्रिकेत संशोधक लिव्हिंगस्टनला शोधायला वार्ताहर स्टॅन्लीला धाडणारा तोच हा गृहस्थ! त्याचा नियम कडक. शर्यत देशादेशांत, एका देशाच्या जास्तीत जास्त तीन गाड्या आणि गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा.

१९०२ ला कप जिंकला इंग्लंडने. म्हणजे १९०३ चं यजमानपद ब्रिटनकडे. आणि इथेच पंचाईत! कारण ब्रिटनच्या रस्त्यांवर वेगमर्यादा होती ताशी १२ मैल, म्हणजे जेमतेम १९ किलोमीटर. त्या वेगाने शर्यत लावली तर प्रेक्षक सायकलवरून पुढे निघून जातील! मग काय? पार्लमेंटमध्ये खास कायदा करून शर्यत आयर्लंडला नेली. तेव्हा आयर्लंड ब्रिटनच्याच ताब्यात होतं. कायद्याचा हिरवा कंदील मिळाला आणि ब्रिटिश गाड्याही हिरव्या रंगल्या. यजमान भूमीच्या मानासाठी हा रंग घेतला, असं सांगतात. 'ब्रिटिश रेसिंग ग्रीन' म्हणून आज आपण जो रंग ओळखतो, त्याचं मूळ इथेच मानतात.

इकडे जर्मनीत तयारी जोरात. मर्सिडीजने ९० हॉर्सपॉवरच्या नव्याकोऱ्या रेसिंग गाड्या सज्ज केल्या. शर्यतीला महिनाही उरला नव्हता आणि जूनमध्ये कान्श्टाटच्या कारखान्याला आग लागली. गाड्या खाक!

आता? आता विकून झालेल्या गाड्या गिऱ्हाइकांकडून परत मागायच्या! ६० हॉर्सपॉवरची साधी मर्सिडीज, जी श्रीमंत मंडळी फिरायला वापरायची. क्लॅरन्स ग्रे डिन्स्मोर या अमेरिकन मालकाने आपली गाडी दिली. तिची आलिशान बॉडी काढून टाकली, शर्यतीपुरता सांगाडा ठेवला आणि जेनात्झी तिच्यावर स्वार झाला.

माहीत आहे का, जर्मनीच्या त्या तीन ड्रायव्हरांत जर्मन किती होते? शून्य! जेनात्झी बेल्जियन, बॅरन द कातर बेल्जियन आणि तिसरा फॉक्सहॉल कीन अमेरिकन. गाडीचा बोल्ट न बोल्ट देशी हवा, माणूस कुठलाही चालेल. आयपीएल बघणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय!

२ जुलै १९०३. अथाय गावाजवळचा इंग्रजी आठच्या आकाराचा मार्ग. चार देश, बारा गाड्या आणि अंतर सुमारे ५२७ किलोमीटर. जेनात्झीला लागले ६ तास ३९ मिनिटं. सरासरी ताशी ७९ किलोमीटरच्या वर, तीही १९०३ च्या खेड्यातल्या रस्त्यांवर! दुसरा आला फ्रान्सचा रने द क्निफ, ११ मिनिटांहून जास्त मागे. गतविजेता सेल्विन एज कसाबसा पोहोचला, पण बाहेरची मदत घेतल्याबद्दल बाद ठरला.

शोरूमच्या गाडीने खास रेसिंग गाड्यांना धूळ चारली! मर्सिडीजला याहून भारी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती.

आणि साहित्यात एंट्री!

हा नगेट माझ्या सगळ्यात आवडीचा, म्हणून जरा नीट सांगतो. जेम्स जॉइस माहीत आहे ना? 'युलिसिस'वाला, विसाव्या शतकातला दिग्गज आयरिश लेखक. १९०३ मध्ये तो विशीतला, पैशांची चणचण असलेला तरुण होता. त्या शर्यतीच्या निमित्ताने त्याने 'आयरिश टाइम्स'साठी एका फ्रेंच रेसिंग ड्रायव्हरची मुलाखत घेतली. आणि पुढे 'डब्लिनर्स' या कथासंग्रहात एक गोष्ट लिहिली: 'आफ्टर द रेस'. गोष्ट सुरू होते ती शर्यतीहून डब्लिनकडे परतणाऱ्या गाड्यांनी. कडेला उभे आयरिश लोक फ्रेंचांसाठी टाळ्या वाजवताहेत आणि त्यातच एक ओझरता उल्लेख येतो, की जिंकलेल्या जर्मन गाडीचा ड्रायव्हर म्हणे बेल्जियन होता.

हाच आपला जेनात्झी! नाव नाही, चेहरा नाही, दाढीही नाही. पण जगभरच्या विद्यापीठांत इंग्रजीचे विद्यार्थी ती गोष्ट वाचतात आणि दर वर्षी नकळत 'लाल सैताना'च्या शेजारून जातात. पुढच्या वेळी कुणी जॉइसचा शिष्य भेटला, तर विचारा त्याला, तो बेल्जियन कोण? बहुतेक जण गप्प होतील!

पुढच्या वर्षी, १७ जून १९०४ ला कपची शर्यत जर्मनीतच होती. टाउनुसच्या डोंगराळ भागात, बघायला खुद्द कैसर विल्हेल्म! घरचं मैदान, घरचा सम्राट. पण फ्रान्सचा लेओं तेरी घड्याळाच्या काट्यासारखा एकसारख्या वेगाने फिरत राहिला आणि जिंकला. जेनात्झी दुसरा. त्यानंतर शर्यती होत राहिल्या, पण १९०३ चा तो दिवस परत आला नाही. मग गडी वळला घरच्याच धंद्याकडे, टायरकडे.

शेवटची थट्टा

आता जरा सांभाळून वाचा, कारण हा भाग हसतखेळत सुरू होतो आणि तसा संपत नाही.

माहीत आहे का, शंभरीच्या वेगालाही न भ्यालेला हा माणूस कशाने गेला? थट्टेने. डिसेंबर १९१३. बेल्जियममधल्या आर्देनच्या जंगलात मित्रमंडळी शिकारीला जमली होती. जेनात्झीला लहर आली. झुडपामागे लपून त्याने रानातल्या जनावराचा आवाज काढला, मित्रांना घाबरवायला. आवाज इतका हुबेहूब, की एका मित्राने गोळी झाडली.

धावपळ करून त्याला गाडीत घातलं आणि इस्पितळाकडे नेलं. वाटेतच तो गेला. वय अवघं ४५. 'माझा मृत्यू मर्सिडीजमध्येच लिहिलाय' असं तो आधी म्हणत असे, असं सांगतात. आणि ती गाडी मर्सिडीजच होती.

आर्देनच्याच रस्त्यावर गाडीचा चक्काचूर होऊनही जो उठून उभा राहिला, त्याला आर्देनच्याच जंगलात एका विनोदाने न्यावं, हे मला फार चटका लावून जातं. वेगाने त्याला सोडलं होतं.

'ती' सध्या काय करते?

'ला जामे कोंतांत' मात्र ठणठणीत आहे! फ्रान्समध्ये कोंपिएन्यच्या राजवाड्यात गाड्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे ती बघायला मिळते. पॅरिसच्या टूरमध्ये आयफेल टॉवर, लूव्र आणि परफ्यूम उरकून एक दिवस हाताशी राहिला, तर ट्रेनने उत्तरेला जा. बग्गी आणि घोडागाड्यांच्या त्या घरात हा टॉर्पेडो समोर आला की क्षणभर कळत नाही, हिला इथे कुणी आणून ठेवलं!

आणि शेवटचा नगेट. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर व्हेंतुरी कंपनी आणि ओहायोच्या विद्यार्थ्यांनी मिळून बनवलेली एक लांबुळकी इलेक्ट्रिक गाडी ताशी ४९५ किलोमीटरने सुटली. माहीत आहे का, तिचं नाव काय ठेवलं होतं? 'जामे कोंतांत'! आणि नावाला जागून ती मंडळीही थांबली नाहीत. २०१६ मध्ये त्याच मैदानावर त्यांच्या पुढच्या गाडीने गाठला ताशी ५४९ किलोमीटर!